अठरा ते तीस : सज्ञान होणाऱ्या रुग्ण तरुणांचा प्रश्न



११ जानेवारी १९२२. कॅनडातील टोरांटो शहरातल्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा एक किशोरवयीन मुलगा मरणाच्या दारात पडून होता. मधुमेहाने त्याचे वजन जेमतेम तीस किलोच्या आसपास उरले होते. त्या काळी मुलांमधील मधुमेह म्हणजे काही महिन्यांची, फार तर एक-दोन वर्षांची सोबत. त्यानंतर मृत्यू ठरलेला. त्या दिवशी लिओनार्डला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. ते औषध पुरेसे शुद्ध नव्हते, त्यामुळे गुण आला नाही. संशोधकांनी रात्रीचा दिवस करून ते अधिक शुद्ध केले, २३ जानेवारीला पुन्हा दिले आणि मुलगा उठून बसला. इन्सुलिनच्या आधारावर तो पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधाचे एकस्व टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर एवढ्या नाममात्र मोबदल्यात देऊन टाकले. औषध सर्वांचे असावे, हीच त्यामागची भावना होती.

ही शंभर वर्षांपूर्वीची कथा आज सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन एवढेच की, त्या दिवशी वैद्यकशास्त्राने जगापुढे एक नवी जबाबदारी ठेवली. जी मुले बालपणीच संपून जात, ती आता तरुण होऊ लागली. थॅलेसेमियाची मुले मोठी होऊ लागली, हिमोफिलियाची मुले मोठी होऊ लागली, जन्मतः हृदयाला छिद्र असलेली मुले शस्त्रक्रियेनंतर महाविद्यालयाची पायरी चढू लागली. शास्त्राने त्यांना तारुण्य दिले. त्या तारुण्याची व्यवस्था मात्र समाजाने आणि शासनाने अजून पुरती लावलेली नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

रेषा कायद्याची, आजार देहाचा

आपल्या देशात अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. ही मर्यादा १८७५च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने आखली. करार करणे, मालमत्तेचे व्यवहार करणे यांसाठी ती आखली गेली आणि त्यासाठी ती योग्यच होती. पण पुढे शासनाच्या आरोग्ययोजना आखल्या गेल्या तेव्हा तीच रेषा जशीच्या तशी रुग्णालयाच्या दारात ओढली गेली. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाच्या रक्तात जो दोष असतो, तोच अठरा वर्षे एक महिन्याच्या तरुणाच्या रक्तातही असतो. वाढदिवसाने आजार संपत नाही, संपते ती आजाराची काळजी घेणारी व्यवस्था.

प्रथम जे चांगले झाले आहे त्याची नोंद केली पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासणी करायची, जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब वेळीच ओळखायचे आणि पुढील उपचारांची सोय लावायची, असे त्याचे स्वरूप. खेड्यातल्या शाळेच्या पटांगणात वैद्यकीय पथकाची गाडी येते, डॉक्टर प्रत्येक मुलाची छाती तपासतात आणि ज्या घराने जिल्ह्याचे रुग्णालयही पाहिलेले नसते, त्या घरातील मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया शहरात विनामूल्य होते. ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि आशाताईंनी हे काम उभे केले, ते अभिनंदनास पात्र आहेत.

आता दुसरे टोक पाहावे. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि कर्करोग यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याअंतर्गत आरोग्यसेविका घरोघरी जाऊन लोकसंख्येची तपासणी करतात. ही तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. हे आजार सर्वसाधारणपणे तिशीनंतर डोके वर काढतात, म्हणून ती मर्यादा.

म्हणजे चित्र असे दिसते : अठरा वर्षांपर्यंत व्यवस्था आपणहून मुलाकडे येते आणि तिशीनंतर ती पुन्हा त्याच्या दाराशी येते. किशोरांसाठीचा जो कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तोही एकोणिसाव्या वर्षी थांबतो. मधल्या दहा-बारा वर्षांत तरुणाने रुग्णालयाचा रस्ता स्वतः शोधायचा. या वयात कोणी उपचार नाकारते असे नाही. शासकीय रुग्णालयाचे दार त्याला उघडेच असते. पण कोणी त्याचे नाव घेऊन हाक मारत नाही, तो आला नाही तर का आला नाही म्हणून विचारीत नाही. दीर्घ आजाराच्या रुग्णासाठी ही विचारपूस औषधाइतकीच महत्त्वाची असते.

दाखल होण्याचे संरक्षण आणि जगण्याचे संरक्षण

कोणी म्हणेल, आता आयुष्मान भारत आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मग उणीव कसली? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत प्रति कुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तिच्यात वयाची अट नाही, कुटुंबातील माणसांच्या संख्येची अट नाही आणि आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो. महाराष्ट्र शासनाने आपल्या योजनेचा विस्तार राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही निःशुल्क झाले. आधीपासूनच्या आजाराला खाजगी विमा दारातूनच परत पाठवी, त्या काळाच्या तुलनेत ही झेप मोठी आहे.

परंतु या विमायोजनांची घडण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती झालेली आहे. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस औषधांचा खर्च धरला जातो. अपघात झालेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हे पुरते. पण ज्याचे औषध वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते, त्याचे काय? बालमधुमेही तरुणाला, ज्या आजाराला डॉक्टर टाइप-१ म्हणतात, दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. सुया लागतात, साखर मोजण्याच्या पट्ट्या लागतात, औषध थंड राहील अशी जागा लागते. तो दाखल होत नाही, कारण तो औषध वेळेवर घेतो. त्याने औषध सोडले, रक्तात आम्ल साचून तो बेशुद्ध पडला आणि अतिदक्षता विभागात पोहोचला, की मग योजना त्याच्या मदतीला येते. पडल्यावर उचलणारा हात आपण उभा केला आहे. पडू नये म्हणून धरणारा हात अजून पुरेसा उभा केलेला नाही.

थॅलेसेमियाचेही तसेच. या आजारात शरीर पुरेसे रक्त तयार करू शकत नाही. दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, जन्मभर. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेने २०१४ मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना रक्त विनामूल्य देण्याबाबत मार्गदर्शन केले. हा मोठा दिलासा ठरला. पण रक्ताबरोबर शरीरात लोह साठते आणि ते बाहेर काढणारे औषध रोज घ्यावे लागते. एकेकाळी त्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून आठ-दहा तास पंप चालवावा लागे. तोंडाने घेण्याचे डेफेरिप्रोन हे औषध १९९०च्या दशकाच्या मध्यास सर्वप्रथम आपल्या भारतात मान्य झाले; युरोप आणि अमेरिकेने ती वाट नंतर धरली. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र अभिमानाबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, पंधरा किलोच्या बालकाला रक्ताची एक पिशवी पुरत असेल, तर साठ किलोच्या तरुणाला दोन लागतात. औषधाच्या गोळ्याही वजनाच्या प्रमाणात वाढतात. गरज वाढते त्याच वयात आधार कमी होतो, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

मध्यमवर्गीय घरातील कोंडी

हा प्रश्न केवळ गरिबाचा आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. नागपुरातल्या एखाद्या मध्यमवर्गीय घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडील केंद्र सरकारच्या सेवेत, आई गृहिणी, मुलगा बावीस वर्षांचा, नवव्या वर्षापासून बालमधुमेही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनेत मुलाचे नाव वडिलांच्या कार्डावर आहे. नियम असा की, मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याचा विवाह होईपर्यंत, किंवा तो कमावू लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच हे संरक्षण. मुलीला वयाची अट नाही. पण विवाह आणि कमाई या दोन अटी आहेतच. कायम स्वरूपाचे दिव्यांगत्व असलेल्या अवलंबित मुलाला वयाची मर्यादा नाही. परंतु बालमधुमेह हा दिव्यांगत्वाच्या कायदेशीर यादीत नाही.

मुलाला एका दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी चालून येते. पगार बारा हजार, दुकानात माणसे पाच. आई त्याला बाजूला घेऊन म्हणते, "बाळा, एवढी घाई कशाला करतोस? बाबांच्या कार्डावर तुझं नाव आहे तोवर औषध तरी सुटत नाही." ज्या आईने मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून पहाटे उठून त्याच्या साखरेच्या नोंदी ठेवल्या, तीच आई त्याला कमावू नकोस म्हणते. यात त्या माउलीचा दोष नाही. जी व्यवस्था परावलंबनाला संरक्षण देते आणि स्वावलंबनाला दंड करते, तिचा हा दोष आहे.

हाच मुलगा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या, कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेल्या आस्थापनेत लागला असता तर? या योजनेत २०१७ पासून दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत आणि दिव्यांग व्यक्तींसाठी पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी येतात. तिथे आजार आधीपासूनचा आहे का, असे कोणी विचारीत नाही आणि बाह्यरुग्ण विभागातील औषधेही मिळतात. म्हणजे दीर्घ आजार असलेल्या तरुणाच्या दृष्टीने पाच माणसांच्या दुकानातील पंधरा हजारांपेक्षा विमा योजनेत नोंदलेल्या कारखान्यातील बारा हजार अधिक मोलाचे ठरू शकतात. ही साधी गोष्ट आपल्या किती घरांना ठाऊक आहे?

खाजगी विम्याची कथा थोडी निराळी. कौटुंबिक पॉलिसीत मुलांना सामान्यतः पंचविशीपर्यंत ठेवतात. त्यानंतर नवी पॉलिसी घ्यायला गेले की आजाराची नोंद पाहून कंपनी नकार देऊ शकते, किंवा त्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये हा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. पण त्याहून महत्त्वाची एक तरतूद आहे. कुटुंबाच्या पॉलिसीतील मूल वयोमर्यादा ओलांडते तेव्हा त्याला त्याच कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत जाता येते आणि आधीच्या वर्षांचा लाभ त्याच्या खात्यात जमा धरला जातो. अट एकच, पॉलिसीत खंड पडता कामा नये. हप्ता भरण्याची तारीख चुकली, मधे काही महिने गेले, की वर्षानुवर्षांची पुण्याई वाया जाते. म्हणून पंचविसाव्या वाढदिवसाची वाट न पाहता, त्याआधी निदान वर्षभर कंपनीशी लेखी पत्रव्यवहार सुरू करावा.

अर्धे उघडलेले दार

२०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल या तीन रक्तविकारांचा प्रथमच समावेश झाला. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील पाच टक्के राखीव जागांसाठी हे रुग्ण पात्र ठरतात. परंतु त्याच कायद्यातील शासकीय नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणाचे कलम वाचावे. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार या गटांची नावे तिथे आहेत; तीन रक्तविकारांचे नाव नाही. म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडले, कचेरीचे नाही. शिकवायचे, पदवी द्यायची आणि मग आरोग्याचे संरक्षण ज्या नोकरीतून मिळते, तिच्या दाराशी थांबवायचे. हे कोणी दुष्टाव्याने केले असे म्हणता येणार नाही. मूल मोठे होऊन नोकरी मागायला येईल, हे चित्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुरतेपणी नसावे, एवढेच.

याच वयात खंड का परवडत नाही

वैद्यकीय दृष्टीने हीच वर्षे सर्वांत नाजूक असतात. बालमधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडावर होणारे परिणाम आजार सुरू झाल्यापासून काही वर्षांनी दिसू लागतात, म्हणजे नेमके विशीच्या आसपास. थॅलेसेमियात लोह हृदयात साठू लागते. औषधात हयगय झाली तर हृदय थकते आणि या रुग्णांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. सिकलसेलच्या रुग्णांबाबत अमेरिकेत असे आढळले आहे की, बालरोग विभाग सोडून प्रौढांच्या विभागात गेल्यानंतरची पहिली काही वर्षे अधिक धोक्याची असतात.

त्यातच या वयात घर सुटते. मुलगा वसतिगृहात जातो, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाते. आईने दिलेली गोळी आता स्वतः आठवणीने घ्यायची असते. मित्रांसमोर सुई काढायची लाज वाटते. ज्या बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या वर्षापासून अंगाखांद्यावर खेळवले, ते सांगतात, "आता तू मोठा झालास, मेडिसिन विभागात जा." तिथल्या डॉक्टरांनी साठ वर्षांचे मधुमेही शेकड्यांनी पाहिलेले असतात, पण थॅलेसेमियाचा विशीतला तरुण क्वचितच पाहिलेला असतो. जाडजूड फाईल पाहून तेही भांबावतात. तरुण दोनदा जातो, तिसऱ्यांदा जात नाही. उपचार असे आवाज न करता सुटतात.

वाट दाखवणारी उदाहरणे

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत आरोग्यसेवा सर्वांना मिळत नाही, यावरून मोठे वाद आहेत. पण तिथेही २०१०च्या कायद्याने मुलांना आईवडिलांच्या विम्यात सव्विसाव्या वर्षापर्यंत राहण्याचा हक्क दिला. मुलगा कमावतो का, विवाहित आहे का, हे प्रश्न तिथे आड येत नाहीत. ब्रिटनमध्ये उपचार सर्वांना मोफत आहेत. तरीही बालविभागातून प्रौढविभागात जाताना मुले हरवतात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून २०१६च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे की, ही तयारी तेरा-चौदा वर्षांच्या वयातच सुरू व्हावी आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेली जबाबदार व्यक्ती असावी.

परंतु दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच देशात दोन उदाहरणे आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. विदर्भ, मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार या भागांतील पाड्यापाड्यांवर हा आजार आहे. या अभियानाने तपासणीसाठी शून्य ते चाळीस वर्षे हा वयोगट धरला. अठरा नाही, तीस नाही. आजाराचे स्वरूप पाहून वय ठरवले. दुसरे उदाहरण निरामय विमा योजनेचे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ही योजना. संरक्षण एक लाखापर्यंतच, पण वयाची अट नाही, पूर्वतपासणी नाही आणि दाखल न होता घेतलेल्या औषधोपचारांचाही त्यात समावेश आहे. ज्या दोन गोष्टी कठीण म्हणून सांगितल्या जातात, म्हणजे वयाची रेषा पुसणे आणि रोजच्या औषधाचा भार उचलणे, त्या दोन्ही आपणच करून दाखवल्या आहेत. आता त्यांचा विस्तार हवा.

कोणी काय करावे

शासनाने तीन गोष्टी कराव्यात. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नोंदलेल्या प्रत्येक दीर्घ आजारी मुलाचे नाव अठराव्या वर्षी यादीतून न काढता ते तिसाव्या वर्षापर्यंत पाठपुराव्यात ठेवावे. आरोग्यविम्यात निवडक आजन्म आजारांसाठी रोजच्या औषधांचे संरक्षण जोडावे. आणि दीर्घ आजारी मुलांच्या बाबतीत अवलंबित्वाच्या व्याख्येतून कमाईची अट काढावी, निदान कमाईतून दुसरे संरक्षण प्रत्यक्ष मिळेपर्यंत ती स्थगित ठेवावी. यासाठी येणारा खर्च मोठा वाटेल. पण निकामी झालेल्या मूत्रपिंडासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा करावे लागणारे डायलिसिस शासनच पुरवते. इन्सुलिन त्याहून स्वस्त आहे.

घराने काय करावे? बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलाला स्वतःच्या आजाराचे नाव, औषधाचे नाव आणि मात्रा तोंडपाठ असावी. पंधराव्या वर्षापासून डॉक्टरांशी पहिल्यांदा त्याने बोलावे, आईवडिलांनी नंतर. सतराव्या वर्षी सर्व कागदपत्रांचा दोन पानी सारांश बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावा आणि प्रौढ विभागातील डॉक्टरांची पहिली भेट जुन्या डॉक्टरांच्या संमतीने, त्यांचे पत्र घेऊनच व्हावी. दिव्यांगत्वाच्या कार्डाची मुदत तपासावी. मूल बौद्धिक दिव्यांग असेल तर अठरा पूर्ण होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, हे विसरू नये. देशभरातील पंधरा हजारांहून अधिक जनऔषधी केंद्रांपैकी जवळचे केंद्र कुठे आहे, ते पाहून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजार लपवू नये. लग्नाच्या बाजारात नाव खराब होईल, या भीतीने कित्येक घरे मुलींचे इन्सुलिन कपाटात दडवतात. लपवलेला आजार ना विम्याला कळतो, ना शेजाऱ्याला, ना अडचणीच्या रात्री धावून येणाऱ्याला.

आता समाजाचे कर्तव्य. आपल्यापैकी अनेक जण रक्तदान शिबिरे भरवतात, पाण्याच्या टाकीपासून आपत्तीतील मदतकार्यापर्यंत कशालाही मागे राहत नाहीत. वर्षातून एकदा शंभर पिशव्यांचे शिबिर हे चांगलेच काम. पण थॅलेसेमियाच्या एका तरुणाला वर्षभर, ठरलेल्या तारखांना, ताजे रक्त हवे असते. वस्तीतील पंधरा-वीस जणांनी एका रुग्णाचे पालकत्व घेतले आणि आपापले महिने वाटून घेतले, तर त्या घराला रक्तासाठी दारोदार फिरावे लागणार नाही. ज्या कार्यकर्त्यांचा उद्योजकांशी परिचय आहे, त्यांनी अशा तरुणांना विमा योजनेत नोंदलेल्या आस्थापनांत काम मिळवून द्यावे आणि महिन्यातून एक दिवस उपचारासाठी रजा मिळेल, अशी बोलणी आधीच करावी. वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांनी शीतपेटीचा एक कप्पा इन्सुलिनसाठी राखावा आणि पर्यवेक्षकाला साखर अचानक उतरल्यावर काय करायचे, ते शिकवावे. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती सातत्याची सवय.

एक गोष्ट जाता जाता. विवाहापूर्वी थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांची वाहकचाचणी करण्याचा प्रचार आता सर्वत्र होतो आणि तो झालाच पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. परंतु 'पुढे असे मूल जन्मू नये' हे सांगताना जे मूल जन्मले आहे आणि आता वीस वर्षांचे होऊन आपल्यासमोर उभे आहे, त्याला आपण नकोसे आहोत असे वाटता कामा नये. प्रतिबंध हे एक कर्तव्य आहे, पालन हे दुसरे. पहिल्याने दुसरे फिटत नाही.

बंधुभगिनींनो, लिओनार्ड थॉम्पसन मोठा होणार असे १९२२च्या जानेवारीत कोणालाही वाटले नव्हते. आपल्याकडच्या हजारो मुलांबद्दलही कालपर्यंत तसेच वाटत होते. ती मोठी झाली आहेत. ती आपल्या गल्लीत राहतात, आपल्या मुलांच्या वर्गात बसली आहेत, उद्या आपल्या कचेरीत अर्ज घेऊन येतील. आज घरी गेल्यावर एवढेच करावे : आपल्या वस्तीत अठरा ते तीस या वयातला असा तरुण वा तरुणी कोण आहे, हे शोधावे, दाराशी जाऊन त्यांच्या आईवडिलांना नमस्कार करावा आणि विचारावे, "औषध वेळेवर मिळतंय ना?" व्यवस्था जे विचारीत नाही, ते समाजाने आधी विचारावे. मग व्यवस्थेलाही ते विचारावे लागेल.